अभ्यासपाठ : बाबा शेवटी काय म्हणाले होते?



या पंधरवड्याचा पाठ नेहमीपेक्षा वेगळा आहे. तीन गटांतून एकच प्रश्न तीन तऱ्हांनी आला. इंदूरच्या एका ताईंनी लिहून विचारला, बडोद्याच्या काकांनी आवाजी संदेश पाठवला, आणि बेळगावकडचा मजकूर तर चांगला चार पानी आहे. प्रश्न असा : घरातला कर्ता माणूस अंथरुणावरून तोंडी सांगून गेला, "हे याला द्या, ते त्याला द्या." कागद काही नाही. आता ते पाळणं धर्म आहे का? कायद्यानं ते बांधील आहे का? आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध गेले तर घरानं काय करायचं?

आम्ही पाठ लिहिणाऱ्या चौघीजणी यावर दोन दुपारी बसलो. कायद्याचा भाग आमच्यातल्या एकीच्या यजमानांनी डोळ्यांखालून घातला, ते दिवाणी कोर्टात वकिली करतात. तरी ज्याच्या त्याच्या घराचे कागद वेगळे, तेव्हा आपल्या गावच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये, हे आधीच सांगून ठेवतो.

कायद्याचं उत्तर सरळ आहे, म्हणून ते आधी. हिंदू माणसाचं तोंडी मृत्युपत्र आज चालत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्र लेखी हवं, करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा, आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या केलेल्या हव्यात. इथे हिंदू म्हणताना जैन, बौद्ध, शीखही त्यात आले.

पूर्वी असं नव्हतं. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात मृत्युपत्र ही चीजच नव्हती. होती ती वाटणी आणि दान, आणि दोन्ही जितेपणी करायची. ज्या मिताक्षरेवर आपल्याकडची निम्मीअधिक वाटणी आजही उभी आहे ती विज्ञानेश्वरांनी कल्याणीला बसून लिहिली. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं, हैदराबादकरांना काही लांब नाही. इंग्रजी अमलात मृत्युपत्रं रूढ झाली, तेव्हा सुरुवातीला तोंडीसुद्धा चालत. १८७० च्या कायद्यानं मुंबई आणि मद्रास ही शहरं आणि बंगालकडच्या मुलखात लेखी सक्ती आली. बाकी ब्रिटिश मुलखात १ जानेवारी १९२७ पासून. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद ही तेव्हा संस्थानं, त्यांचे कायदे त्यांचे. ती विलीन झाल्यावर तिथंही हाच नियम लागू झाला. त्यामुळे "आमच्या पणजोबांनी तोंडीच वाटणी सांगितली होती आणि ती कोर्टानं मानली," असं कुणी म्हणालं तर ते खरंही असेल. काळ वेगळा होता.

मृत्युपत्राला बेळगावच्या कचेरीत 'उयिलु' म्हणतात, हैदराबादेत 'वीलुनामा', इंदूर-ग्वाल्हेरकडे 'वसीयत', बडोद्याला 'वसियतनामु'. नाव काहीही असो, कागद आणि दोन साक्षीदार सगळीकडे लागतात. गोव्याचं प्रकरण निराळं, ते शेवटी घेतो.

या नियमातून कलम ६३ नं स्वतःच तिघांना वगळलंय : मोहिमेवर किंवा प्रत्यक्ष लढाईत असलेला सैनिक, तसाच वैमानिक, आणि समुद्रावर असलेला खलाशी. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, तिथल्या कितीतरी घरांत हे माहीत असतं. रणात पडलेल्या जवानाला कागद-दौत कुठून आणून देणार! पण सुट्टीवर घरी आलेला जवान किंवा निवृत्त सुभेदार यांना ही सवलत नाही. मुसलमान शेजाऱ्यांकडे तोंडी वसीयत चालते हेही बरोबर आहे, पण त्यांच्यातही वारसांची संमती नसेल तर एक-तृतीयांशापुढे जाता येत नाही. त्यांचं उदाहरण देऊन आपलं काम होत नाही.

एक गैरसमज जवळजवळ प्रत्येक पत्रात होता. "मरणाऱ्याचं बोलणं तर कोर्ट पुरावा मानतं ना?" मानतं, पण ते मृत्युपूर्व जबाबाबद्दल. आपण कशानं मरतोय, कुणी मारलं, जाळलं, विष घातलं, याबद्दल माणूस जे सांगतो ते. हे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आहे. सिनेमात दाखवतात तो जबाब हाच. त्याचा वरच्या मजल्याच्या वाटणीशी संबंध नाही.

आणि मोबाइलवरचा व्हिडिओ? तोही मृत्युपत्र नव्हे. लेखी मृत्युपत्र झालेलं असेल आणि पुढे कुणी म्हणालं की बाबा शुद्धीवर नव्हते, तर व्हिडिओचा आधार होतो. कागदाची जागा तो घेत नाही.

आता एका घरचं सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही, आणि कुणी ओळखलंच तर गटावर लिहू नये ही विनंती.

वडील आठ दिवस दवाखान्यात होते. मिळकत त्यांच्या कमाईची : एक दुमजली घर, एक दुकान, थोड्या ठेवी. दोन मुलगे, एक लेक दिलेली, आई हयात. सहाव्या दिवशी दुपारी पेज भरवताना ते थोरल्या सुनेला म्हणाले, दुकान थोरल्याला, वरचा मजला धाकट्याला, खालचा थोरल्याला, लेकीला आईचे दागिने आणि पाच लाख, आईनं खालीच राहावं. तिनं ते संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मोबाइल धरला आणि तेच सगळं वाचल्यासारखं म्हणत विचारलं, "असंच ना बाबा?" ऑक्सिजनचा मास्क लावलेल्या माणसानं मान हलवली. चाळीस सेकंदांचा तो व्हिडिओ.

धाकट्याचं म्हणणं, बाबा मला महिन्याभरापूर्वी फोनवर म्हणाले होते की दुकान दोघांचं. लेकीचं म्हणणं काहीच नव्हतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. तेराव्यानंतर वकिलाकडून तयार कागद आला आणि तिच्यापुढे सहीला ठेवला गेला.

यात सून खोटं बोलली असं आम्हाला मुळीच वाटत नाही. उशाशी जो बसलेला असतो त्याच्याच कानावर शेवटचे शब्द पडतात, आणि बहुतेक घरांत तिथं बसलेली असते ती एखादी बाईच. ती दमलेली असते, चार रात्री झोप नसते. ऐकलेलं ती आपल्या समजुतीनं सांगते. म्हातारा माणूस महिन्यापूर्वी एक म्हणाला आणि आजारात दुसरं म्हणाला, तर दोन्ही त्याचंच. म्हणूनच कायदा कागद मागतो. कुणी खोटं बोलेल या संशयापेक्षा, सगळे खरं बोलले तरी एकमत होत नाही, हे कायद्याला जास्त ठाऊक आहे असं आम्हाला वाटतं.

त्या बैठकीत थोरला मुलगा म्हणाला, "रामानं बापाच्या शब्दासाठी चौदा वर्षं वनवास काढला, आणि आम्ही बापाची शेवटची इच्छा मोडायची?" वाक्य ऐकायला चांगलं आहे. सगळे गप्प झाले. पण आपण रामायण वाचणारी माणसं, तेव्हा जरा नीट बघू या. एक तर रामाला तो शब्द दशरथानं ऐकवला नाही. राजा पडून होता, त्याच्या वतीनं बोलली ती कैकेयी. दुसरं, रामानं शब्दासाठी जे सोडलं ते त्याचं स्वतःचं होतं. त्या शब्दाच्या जोरावर त्यानं लक्ष्मणाचं किंवा आणखी कुणाचं काही मागितलं नाही. आणि ज्याला शब्दाप्रमाणे राज्य मिळत होतं, तो भरत पादुका डोक्यावर घेऊन नंदिग्रामाला जाऊन बसला. बापाचा शब्द पाळायचा तर आधी ज्याला त्यातून जास्त मिळतंय त्यानं आपल्याकडे बघायला हवं. बहिणीला रामाचा दाखला देऊन सही मागणं हे रामायणात बसत नाही.

कागदच नसेल तर कायदा काय करतो? हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम ८. स्वकष्टार्जित मिळकत पहिल्या वर्गाच्या वारसांत वाटली जाते : विधवा, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी, आणि मेलेल्या माणसाची आई हयात असेल तर तीसुद्धा. सगळ्यांना समान. म्हणजे वरच्या घरात चौघांना एक-एक चतुर्थांश. आजी असती तर पाच वाटे झाले असते. लेक दिलेली आहे की घरी आहे, लग्नात किती खर्च झाला, हे कायदा विचारत नाही. वडिलोपार्जित सामाईक मिळकतीतही मुलगी जन्मतः हिस्सेदार आहे. हैदराबादकडच्या मुलींना हा हक्क आंध्रच्या १९८६ च्या दुरुस्तीनं आणि बेळगावकडच्यांना कर्नाटकाच्या १९९४ च्या दुरुस्तीनं थोडा आधीच मिळाला होता, तेव्हा लग्न न झालेल्यांपुरता. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर आला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं शंका फेडल्या : वडील २००५ ला हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. त्याच निकालात असंही आहे, की "आमची तोंडी वाटणी फार पूर्वीच झाली होती" हे मुलींना वगळण्यासाठी सहजासहजी मानलं जाणार नाही. पाठीमागे सरकारी दप्तरातला पक्का पुरावा हवा.

मग वडिलांच्या शब्दाला काहीच किंमत नाही का? आहे. घरातल्या सगळ्या वारसांनी, सगळं समजून, एकमतानं ठरवलं तर त्यांच्या इच्छेप्रमाणे वाटणी करता येते. ती वडिलांच्या तोंडी मृत्युपत्रानं होत नाही, वारसांच्या आपसातल्या समझोत्यानं होते. १९७६ च्या काले प्रकरणात सुप्रीम कोर्टानं अशा कौटुंबिक समझोत्याकडे फार आपुलकीनं पाहिलंय. तो तोंडीही होऊ शकतो. आधी झालेल्या समझोत्याची आठवण म्हणून नंतर यादी लिहून ठेवली तर तिची नोंदणी लागत नाही. पण त्या कागदानंच हक्क मिळणार किंवा सुटणार असतील तर नोंदणी लागते. बहिणीनं किंवा आईनं हिस्सा सोडायचा तर नोंदलेलं हक्कसोडपत्र हवं, मध्य प्रदेशात त्याला हक त्याग म्हणतात. नुसतं सातबाऱ्यावर नाव चढवून भागत नाही. नामांतरण म्हणा, वारसाई म्हणा, पौती खातं म्हणा, ती नोंद करवसुलीसाठी असते. मालकी त्यातून येत नाही.

आईची सही आम्हाला सगळ्यात जास्त खुपते. नवरा जाऊन पंधरा दिवस झालेली बाई, तिला कागदावरचं दिसत नाही, मुलं म्हणतात "कर आई", ती करते. आणि तिचा चौथा हिस्सा त्या एका सहीत जातो. आईनं खालच्या खोलीत राहावं ही वडिलांची इच्छा होती खरी, पण राहू देणं आणि तिचं असणं यात फरक आहे. हे आम्ही बायकांनी बायकांना सांगायला हवं : हिस्सा आपल्या नावावर राहू द्या, मुलांना पुढे मिळणारच आहे. अगदी द्यायचाच असेल तर सांभाळ करण्याची अट कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट असून सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरणाकडे जाऊन दिलेलं रद्द करून घेता येतं.

त्या घरात शेवटी लेकीनंच वाट काढली. ती म्हणाली, बाबांनी सांगितलं तसं दुकान दादाचं असू दे, मी माझा हक्क सोडते, पाच लाखही नकोत. पण घरातला आईचा हिस्सा आईच्या नावानं नोंदवा, आणि दागिने मला बाबांनी दिले असं लिहू नका. ते बाबांचे नव्हतेच.

हे शेवटचं वाक्य फार थोड्या घरांत उच्चारलं जातं. बायकोचे दागिने हे स्त्रीधन, ते तिचं एकटीचं, सुप्रीम कोर्टानं १९८५ च्या प्रतिभा राणी प्रकरणात ते स्वच्छ सांगितलंय. नवऱ्यानं मरताना "हिच्या पाटल्या लेकीला, गोठ थोरल्या सुनेला" असं सांगितलं तर ती प्रेमानं केलेली सूचना झाली. द्यायच्या की नाही ते पाटल्यांची मालकीण ठरवेल. तसंच वडिलोपार्जित सामाईक शेतीचं. तिथं बापाला मृत्युपत्रानंसुद्धा फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं बोलता येतं, सगळं शेत एका मुलाला देता येत नाही. आणि बँकेतल्या ठेवीला नॉमिनी म्हणून ज्याचं नाव आहे तो पैसे घेतो ते वारसांच्या वतीनं. "बाबांनी माझं नाव टाकलं म्हणजे मला दिले," हे बरोबर नाही.

धाकट्या मुलाला दुकानातला हिस्सा सोडायला चार महिने लागले. अजून दोघे भाऊ वडिलांचं श्राद्ध वेगवेगळं करतात.

पाठासाठी बृहदारण्यक उपनिषदातला याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद पुन्हा एकदा काढून वाचावा, तो दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात आलेला आहे. आपण नेहमी त्यातला आत्म्याचा भाग वाचतो आणि सुरुवात ओलांडून जातो. सुरुवात वाटणीची आहे! याज्ञवल्क्यांना घर सोडून जायचंय. जाण्याआधी ते मैत्रेयीला बोलावून सांगतात, की तुझं आणि कात्यायनीचं काय ते मिटवून टाकू. ते आजारी नाहीत, शुद्धीवर आहेत, आणि जिला मिळणार तिलाच समोर बसवून बोलतात. मैत्रेयी पैशानं अमर होता येईल का विचारते, आणि पुढचा सगळा संवाद त्यातून निघतो. कात्यायनीबद्दल उपनिषद एवढंच म्हणतं, की तिची समज चारचौघी बायकांसारखी होती. आम्हाला या ठिकाणी नेहमी हसू येतं. घर तर तिनंच पुढे चालवलं असेल ना! तिला काय हवं होतं हे कुणी विचारलं असतं तर पाठ आणखी एक अध्याय वाढला असता. गटात चर्चा करताना कात्यायनीच्या बाजूनंही दोन शब्द कुणीतरी बोलावेत.

माणूस आजारी पडलाच असेल आणि त्याला सांगायचं असेल, तर अजून वेळ असते. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. कोणत्याही भाषेत, घरच्या मराठीत लिहिलं तरी चालतं. हात थरथरत असेल तर अंगठा चालतो, किंवा त्याच्या सांगण्यावरून त्याच्यासमोर दुसऱ्यानं सही केलेली चालते. लिहिलेलं त्याला वाचून दाखवा, मुलं खोलीबाहेर असताना. साक्षीला शेजारचे, डॉक्टर, मित्र असे ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही तेच घ्या, आणि शक्यतो वयानं लहान, कारण पुढे कोर्टात सांगायला त्यांच्यापैकी कुणीतरी हयात लागतं. शुद्धीवर होते असा डॉक्टरांचा दाखला सक्तीचा नाही, पण फार उपयोगी पडतो. नोंदणी सक्तीची नाही; करायची असेल आणि माणूस उठू शकत नसेल तर निबंधकांना घरी बोलावण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे. बरं वाटलं आणि मत बदललं तर नवं करावं, शेवटचं तेच धरलं जातं. एखादं घड्याळ, अंगठी, पुस्तकं अशी जंगम वस्तू तर त्यानं स्वतःच्या हातानं उचलून द्यावी. हातात दिलं की दिलं, कागद लागत नाही.

गोव्याच्या गटांसाठी : तुमच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे आणि उत्तराधिकाराला आता २०१२ चा गोव्याचा स्वतःचा कायदा लागतो. लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मिळकत सामाईक, निम्मी तिची आधीच असते. उरलेल्या त्याच्या निम्म्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव, त्याला हात लावता येत नाही. विल नोटरीसमोर होतं. आणि वाटणी इन्व्हेंटरीच्या कामात होते, तिथं वारस घरासाठी आपसात बोलीही लावू शकतात. तेव्हा इंदूरच्या मावशीनं सांगितलेला नियम म्हापशाला लावू नका.

येत्या गुरुवारी गटवाचनाला उपनिषदातला भाग घ्यावा. प्रश्न शनिवारपर्यंत आपापल्या गटप्रमुखांकडे द्यावेत. घराचे कागद, सर्व्हे नंबर, कुणाचं नाव किंवा कुणाचा व्हिडिओ गटावर टाकू नये. आलेल्यांपैकी एक प्रश्न पुढच्या पाठासाठी राखून ठेवलाय : दत्तक मुलाबद्दल वडील काहीच न बोलता गेले तर.